दुसऱ्या अंकात आठ चॅनेल गायब: जुन्या डिजिटल मिक्सरचा फॉल्ट कसा सापडला

आमच्या मिक्सरला, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणाऱ्या साउंडच्या पेटीला, नाटकाचा दुसरा अंक आवडत नाही, अशी थट्टा आमच्याकडं दोन वर्षं चालली होती. पहिला अंक लोण्यासारखा जायचा. मध्यंतरात चहा-वडा व्हायचा, पडदा पुन्हा वर जायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत ९ ते १६ या चॅनेलांवर (एका माईकची वाट म्हणजे एक चॅनेल) खर्रर्र करून आवाज यायचा. मग शांतता. नट तोंड हलवतोय आणि मागच्या रांगेतून "आवाज!" अशी आरोळी. मिक्सर बंद-चालू केला की सगळं पूर्ववत, पण वीस मिनिटांनी पुन्हा तेच. कधी कधी अख्खा मिक्सरच स्वतःहून रिस्टार्ट व्हायचा.

त्यात गाव सांगली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो इथंच, तोही माईकशिवाय. त्यामुळं इथला प्रेक्षक साउंडवाल्याला सहज माफ करत नाही.

मिक्सर ३२ चॅनेलचा, सेकंड हँड घेतलेला, वय आता सोळा-सतरा वर्षं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. त्या पिढीचा कुठलाही डिजिटल मिक्सर उघडलात तर कमी-जास्त हेच दिसेल. आणि नवा घ्यायचा तर दोन गणेशोत्सव फुकट वाजवायची तयारी पाहिजे, म्हणून हा खटाटोप.

आधी आम्ही काय काय चुकीचं केलं ते सांगतो, कारण तुम्हीही तेच करत असणार. माईक बदलले. मल्टिकोर, म्हणजे स्टेजपासून मिक्सरपर्यंतची जाड केबल, बदलला. स्टेजवरच्या पोराला शिव्या घातल्या. विट्याच्या एका कार्यक्रमात तर जनरेटरवाल्याशी भांडण काढलं, बिचाऱ्याचा व्होल्टेज २२८ चा निघाला. मग मिक्सर दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्या मामांनी दोन दिवस ठेवून घेतला आणि फोन केला, "दादा, माझ्याकडं तर मस्त चालतोय. घेऊन जावा." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या टेबलावर मिक्सर उघडा पडलेला, वरून सीलिंग फॅन, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या वर कुणी चालू ठेवलेला नाही. अशानं तो फॉल्ट कसा दिसणार?

शेवटी कामी आली ती दोनशे पानी वही. तीत दर कार्यक्रमाला चारच गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: मिक्सर किती वाजता चालू केला, फॉल्ट किती वाजता आला, हवा कशी होती, आणि त्या वेळी प्लगवर व्होल्टेज किती होता. दहा-बारा कार्यक्रमांतच चित्र दिसायला लागलं. मे महिन्यात फॉल्ट यायचा तो चालू केल्यापासून एक तास चाळीस मिनिटांच्या आगेमागे. पावसाळ्यात सव्वादोन तासांनी. डिसेंबरात हरिपूरला रात्री उघड्यावर साडेतीन तास कार्यक्रम झाला, आणि काहीही झालं नाही. व्होल्टेजशी संबंध शून्य. म्हणजे दुसऱ्या अंकाचा राग वगैरे काही नाही, पेटी तापली की फॉल्ट येतो. ही वही दुरुस्तीवाल्याच्या हातात दिली की तो तुमचं ऐकतो. नुसतं "मधूनच बंद पडतो" म्हटलं की कुणीच ऐकत नाही.

दुसरा धागा आकड्यात होता. ९ ते १६, म्हणजे बरोबर आठ. एकच चॅनेल जात असेल तर बहुतेक वेळा एक्सएलआर सॉकेट (माईकची केबल बसते ते), त्याचं सोल्डर नाहीतर त्या चॅनेलचा प्रीअँप (माईकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) गेलेला असतो. पण आठ चॅनेल एका दमात गेले तर माईक, केबल असल्या गोष्टींचा विचारच सोडा. आतमध्ये इनपुटचं कार्ड बहुधा आठ-आठ चॅनेलचं असतं. त्या आठांचा आवाज आकड्यांत बदलला की पुढं एकाच पट्टी केबलीतून मेन बोर्डाकडं जातो. म्हणजे दोष कार्डात, केबलीत किंवा त्या कार्डाला जाणाऱ्या वीजपुरवठ्यात. सोळाच्या सोळा किंवा सगळे बत्तीस गेले तर आणखी मागं, क्लॉक (सगळ्या बोर्डांना एका तालात ठेवणारा भाग) किंवा पॉवर सप्लायकडं बघायचं. हा आठाचा हिशोब मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितला असता तर तो मल्टिकोर तरी विकत घ्यावा लागला नसता.

मग अदलाबदल. १ ते ८ चं कार्ड काढून ९ ते १६ च्या जागी लावलं आणि ते तिकडं. फॉल्ट कार्डाबरोबर सरकला तर कार्ड खराब, जागेवरच राहिला तर कार्ड निर्दोष. हे करताना पट्टी केबलींची टोकं काळपट दिसली म्हणून खोडरबरानं हलकेच घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून परत बसवली. आणि फॉल्ट गायब! तीन महिने एकही तक्रार नाही. मी चार ठिकाणी सांगितलं की खोडरबरानं मिक्सर नीट होतो.

इथंच फसलो. उन्हाळा आला आणि फॉल्ट परत आला, त्याच जागेवर, दुसऱ्या कार्डासह. म्हणजे कार्ड निर्दोष. आणि ते तीन महिने? ते पावसाळा संपल्यानंतरचे होते, थंडीचे. केबल पुसल्यानं थोडा फरक पडला असेलही, पण खरा डॉक्टर होता हवामान. तापण्याशी नातं असलेला फॉल्ट दिवाळीत दुरुस्त केला तर एप्रिलपर्यंत पेढे वाटू नका.

आता पॉवर सप्लाय. इथं हात घालण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. २३० व्होल्ट एसी आत डीसी होतो तेव्हा मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथंच असतात. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मीटरनं मोजा. शिल्लक असतील तर रेझिस्टर लावून उतरवा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्यात मर्दुमकी काही नाही. सवय नसेल तर हे काम मामांकडंच द्या.

झाकण काढलं तेव्हा पहिल्यांदा पंखा दिसला. दिसला म्हणजे काय, त्याच्या पात्यांवर लोकरीसारखी जाड धूळ आणि ती चक्क पिवळी. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत वाजवलं होतं त्याचा भंडारा, आणि त्यावर कुठल्याकुठल्या मिरवणुकांचा गुलाल. पंखा फिरत होता, पण वारा म्हणून काही नव्हता. त्याच्या समोरच पाच व्होल्टच्या लाइनचे तीन कंडेन्सर. दोघांची डोकी फुगलेली, तिसऱ्याच्या बुडाशी तपकिरी खपली. आणि सप्लायकडून बोर्डांकडं जाणाऱ्या पांढऱ्या कनेक्टरची एक पिन. तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक भाजल्या पापडासारखं तांबूस झालेलं. वास घेतला तर अजून करपट येत होता.

मापं घेतली ती अशी. थंड असताना सप्लायच्या तोंडाशी ४.९७ व्होल्ट, आणि त्या बदनाम कार्डावर ४.८५. दोन तास चालवल्यावर सप्लायच्या तोंडाशी ४.९६, म्हणजे जवळपास तेवढेच, पण कार्डावर ४.५८. मधले ०.३८ व्होल्ट त्या भाजलेल्या पिनेत जळत होते. चार अँपिअर करंट धरला तर दीड वॅट झाले, तेही टाचणीएवढ्या जागेत. पिन तापते, तापली की पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते. पाच व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डावर व्होल्टेज साधारण ४.६ च्या खाली गेला की रीसेट करणारी चिप सहसा असते, तिचं काम ती चोख करत होती. ९ ते १६ चं कार्ड त्या वायरीच्या सगळ्यात शेवटच्या टोकाला आहे, म्हणून पहिला बळी त्याचा.

यातली मेख ही की बहुतेक जण व्होल्टेज सप्लायच्या तोंडाशी मोजतात आणि "पाच व्होल्ट ओके" म्हणून झाकण लावतात. जिथं वीज वापरली जाते तिथं मोजायचं, आणि तापल्यावर मोजायचं. मामांनीही आधी तोंडाशीच मोजलं होतं.

साध्या मीटरला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे रिपल, व्होल्टेजचा भराभर होणारा बारीक चढउतार. मीटर सरासरी सांगतो. मामांच्या स्कोपवर (व्होल्टेजची रेघ काढून दाखवणारं यंत्र) बघितलं तेव्हा पाच व्होल्टची रेघ, जी सरळ पाहिजे, ती करवतीच्या दातांसारखी होती. सरासरी ४.५८ असेल तर दातांचा तळ त्याच्याही खाली. कंडेन्सर म्हातारा झाला की कपॅसिटी मीटरवर तो बऱ्याचदा ठीकच दिसतो. वाढलेला असतो त्याचा आतला रोध, म्हणजे ईएसआर. त्यासाठी ईएसआर मीटर मिळतो, घेऊन ठेवा, पैसे वसूल होतात.

कंडेन्सरच्या वयाचं गणित सोपं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात कामाचा भाग. अंगावर १०५ अंश लिहिलेलं असतं, आणि कंपनीच्या कागदावर समजा २००० तास. याचा अर्थ १०५ अंशाला २००० तास. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ८५ अंशाला ८००० तास, ६५ अंशाला ३२००० तास. आमचा मिक्सर वर्षाला अंदाजे १२०० तास चालतो. म्हणजे ६५ अंशाला कंडेन्सर सव्वीस वर्षं टिकला असता आणि ८५ ला सात वर्षंसुद्धा नाही. मधले वीस अंश कुठून आले? त्या पिवळ्या धुळीतून, आणि दुपारच्या उन्हात काळी पेटी उघडी ठेवायच्या आमच्या सवयीतून.

बदलताना कपॅसिटी तीच घ्या, व्होल्टेज तेवढाच किंवा थोडा जास्त, १०५ अंशाचा आणि लो-ईएसआर प्रकारचा. दुकानदार "हा पण चालतोय की" म्हणून साधा कंडेन्सर देईल. तो असल्या सप्लायमध्ये (याला स्विचिंग सप्लाय म्हणतात) चालतो, पण काही महिनेच. उंची मोजून घ्या, नाहीतर झाकण बसत नाही, आणि पट्टीची बाजू, म्हणजे निगेटिव्ह, काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फुगलेले दोनच दिसले म्हणून दोनच बदलू नका. त्याच भट्टीत बसलेले बाकीचेही त्याच वयाचे आहेत. आम्ही सप्लायमधले सगळे बदलले, कनेक्टर नवा घातला आणि पंखाही. कंडेन्सर आणि कनेक्टरचा सगळा खर्च म्हणाल तर दोन चहा आणि भडंगाच्या चार पुड्या. मजुरी वेगळी, आणि दोन वर्षांची बेअब्रू त्याहून वेगळी.

दुरुस्त झालं हे कशावरून ठरवायचं? खोडरबराच्या वेळची चूक परत नको होती. म्हणून फॉल्टला बोलावून घ्यायचं ठरवलं. बत्तीसही चॅनेलला पिंक नॉइज (चाचणीचा सलग खरखर आवाज) सोडला, फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी ४८ व्होल्ट वीज) चालू, सगळे दिवे चालू, आणि वरून आईची जुनी गोधडी अर्धवट टाकली. आत स्वयंपाकाचा थर्मामीटर. शेजारी खुर्ची टाकून बसलो, कारण असली पेटी गोधडीखाली सोडून जेवायला जायचं नसतं. पेटीतली हवा ५० अंशावर गेली की गोधडी बाजूला करायची हा नियम. चार तास काही झालं नाही. कार्डावर ४.९१. दुसऱ्या दिवशी परत चार तास. मग वहीत तारीख घातली. एखाद्याच कार्डाचा संशय असेल तर गोधडीऐवजी हेअर ड्रायर चांगला, एका वेळी एकच भाग तापवता येतो. लाकडी काडीनं हळूच टकटक करून बघितलं की सुटलेलं सोल्डरही बोलतं.

मुख्य गोष्ट एवढीच. बाकीची जी दुखणी या वयाच्या मिक्सरला हमखास होतात ती थोडक्यात.

मोटरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे, आपोआपही हलणारे सरकते खटके. सीन (साठवून ठेवलेली सेटिंग) बदलला की एखादा फेडर अर्ध्यावर थांबतो, नाहीतर थरथरतो, किंवा हातानं वर नेला की आपला आपण खाली येतो. पहिली दोन लक्षणं धुळीची. आधी मेन्यूतलं कॅलिब्रेशन करा, अर्धे फेडर तेवढ्यानंच सुधारतात. नाही सुधारले तर फेडर काढून साफ करायचा आणि फेडरसाठीचंच वंगण अगदी थोडं लावायचं. गंजलेल्या बोल्टवर मारतात तो स्प्रे कृपया फटीतून मारू नका. आतलं मूळ ग्रीस धुऊन निघतं आणि तेलावर भंडारा बसला की त्याची पोळी होते.

तिसरं लक्षण, म्हणजे फेडर हाताशी कुस्ती खेळतो, ते बऱ्याचदा फेडरचं नसतंच. तुमच्या बोटाचा स्पर्श ओळखून मोटर सोडायची असते, आणि ती ओळख अर्थिंगवर अवलंबून असते. जत भागात एका मांडवात सगळे फेडर वेड्यासारखे वागत होते. मिक्सरच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या. मीटरनं पत्रा ते जमीन मोजलं तर शंभरच्या वर व्होल्ट. अर्थ जोडलेलाच नव्हता. अर्थ नसला की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कंडेन्सर पत्र्यावर लाइनच्या अर्धा व्होल्टेज आणून ठेवतात. करंट अगदी थोडा, पण तोच पत्रा माईकच्या जाळीपर्यंत पोचलेला असतो आणि गायिकेचे ओठ तिथं असतात. लोखंडी सळी ठोकली, पाणी ओतलं, अर्थ दिला. फेडर गप्प. हम (घूं असा सलग आवाज) येतो म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे आपल्या धंद्यात अजून आहेत. हम काढायचा तर डीआय बॉक्सचं (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा किंवा त्या एका ऑडिओ केबलीची शील्ड (तारांभोवतीची जाळी) एका टोकाला तोडा. अर्थ पिनेला हात लावू नका.

सीन पुसले जाणं. आत नाण्याएवढा लिथियम सेल असतो, बहुधा सीआर२०३२. मिक्सर "बॅटरी लो" म्हणतो आणि आपण ओके दाबून पुढं जातो. सेल २.५ व्होल्टच्या आसपास आला की कुठल्यातरी सकाळी मिक्सर कोऱ्या पाटीसारखा उठतो. आधी सगळं यूएसबीवर सेव्ह करा, मग सेल बदला. काही मिक्सरमध्ये तो सोल्डर केलेला असतो, म्हणजे मेन बोर्ड काढावा लागतो. तेव्हा झाकण कुठल्याही कारणानं उघडलं की सेल बदलूनच बंद करायचं.

ठराविक अंतरानं टिक... टिक... येत असेल तर ते क्लॉकचं. मिक्सर आणि बाहेरचा रेकॉर्डर किंवा स्टेज बॉक्स दोघंही स्वतःला मालक समजतात. दोघांच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात दहाचा फरक असला तरी ४८ किलोहर्ट्झला दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल (आवाजाचा एक आकडा) इकडचा तिकडं होतो. एकालाच मास्टर ठेवा, दुसऱ्याला त्याचं ऐकायला लावा, आणि क्लॉकसाठी बीएनसी केबल असेल तर शेवटच्या टोकाला ७५ ओहमचं टर्मिनेशन (रेझिस्टरची टोपी). कंडेन्सर बदलून हा आवाज जात नाही, मी बदलून बघितलेत.

फँटम एखाद्या चॅनेललाच येत नसेल तर एक्सएलआरच्या पिन १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये मोजा. दोन्हीकडं ४८ च्या आसपास पाहिजे. एकीकडं कमी आला तर ६.८ के चा रेझिस्टर बघा.

आणि ओल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. गावभागातल्या गोडाऊनमध्ये आम्ही मिक्सर माळ्यावर चढवला, पाण्याचा थेंब लागला नाही. पण खाली महिनाभर भिंती घामेजलेल्या होत्या. पुढच्या वर्षी मागचे सॉकेट हिरवे पडले, तेव्हा कुठं लक्षात आलं. आता केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं असतात, आणि पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून दोन तास मिक्सर चालू करून ठेवतो. ज्यांच्या मिक्सरमध्ये पुराचं पाणी प्रत्यक्ष शिरलं त्यांनी मात्र आधी चालू करून बघायची घाई केली. सुकलेला गाळ ओलावा धरतो आणि करंटला वाट देतो. चालू न करता धुतला असता तर त्यातले काही वाचले असते. हो, धुतला असता. बोर्ड सुटे करून, स्वच्छ पाण्यानं, मग अल्कोहोलनं, आणि पूर्ण सुकवून.

गोधडीच्या चाचणीनंतर आता दोन उन्हाळे गेले. ९ ते १६ नं परत त्रास दिलेला नाही. दर दिवाळीला आणि यात्रांचा हंगाम संपला की पंखा ब्लोअरनं साफ होतो, ते काम स्टेजवरच्या त्याच पोराकडं आहे, ज्याला मी उगाच शिव्या घातल्या होत्या. २३ नंबरच्या चॅनेलचा गेन (येणारा आवाज वाढवायचा नॉब) फिरवला की मात्र अजून टक्क असा आवाज येतो, एकाच जागी, थंड असो की गरम. वहीत त्याच्यासाठी वेगळं पान केलंय. तोवर त्या नॉबवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर मार्करनं लिहिलंय: "हात लावू नये."